वाळूच्या समुद्रासाठी ट्रक निवडताना : बॅग्नॉल्डचा हिशेब, १९४०

१/ मोठा पिकअप घेऊन रस्ता नसलेल्या मुलखात मुक्कामाला निघणाऱ्यांपुढचे पहिले प्रश्न आजही तेच असतात. गाडी कोणती घ्यावी? चारही चाकांना ताकद हवी का? हौद्यात किती सामान मावेल? १९४० च्या उन्हाळ्यात कैरोमध्ये राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश मेजरपुढे हेच प्रश्न होते. उत्तर चुकले असते, तर माणसे तहानेने मेली असती. (धागा)

२/ प्रथम मुलूख पाहू. नाईलच्या पश्चिमेला लिबियाचे वाळवंट पसरले आहे. त्याचा विस्तार भारतीय द्वीपकल्पाशी तुलना करावी एवढा. त्यातच इजिप्त-लिबिया सीमेवर ‘ग्रेट सँड सी’, म्हणजे वाळूचा महासागर आहे. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या टेकड्यांच्या शेकडो किलोमीटर लांब रांगा, आणि काही टेकड्यांची उंची १०० मीटरच्या आसपास. विहिरी बोटांवर मोजण्याइतक्या.

३/ बॅग्नॉल्डचा जन्म १८९६ चा. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समधील खंदकांत लढला, पुढे केंब्रिजमध्ये अभियांत्रिकी शिकला आणि १९२६ च्या सुमारास त्याची नेमणूक कैरोत झाली. बरोबरीचे अधिकारी रजेत पोलो खेळत, तेव्हा हा आणि त्याचे काही मित्र स्वतःच्या खर्चाने फोर्ड मोटारी घेऊन वाळवंटात शिरत. पुढे त्याची बदली भारतात झाली, तरी हा नाद सुटला नाही.

४/ वाळवंटात मोटार नेणारे हे पहिलेच नव्हते. पहिल्या महायुद्धात सनुसी टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेत ब्रिटिशांनी रोल्स-रॉइसच्या चिलखती गाड्या वापरल्या होत्या आणि त्यांच्या जोडीला ‘लाइट कार पेट्रोल’ची साधी मॉडेल-टी फोर्ड होती. टणक जमिनीवर चिलखती गाडीचा दरारा मोठा, पण मऊ वाळूत हलकी फोर्ड सरस ठरे. वाळूला वजन खपत नाही, हा पहिला धडा तेव्हाच मिळाला.

५/ १९२९ आणि १९३० मध्ये बॅग्नॉल्डने मॉडेल-ए फोर्ड घेऊन वाळूच्या महासागरात प्रवेश केला. मोटारीने तो ओलांडता येणार नाही, असा तोवरचा समज होता. टेकडीच्या उभ्या भिंतीसारख्या दिसणाऱ्या चढावर गाडी पूर्ण वेगाने घातली, तर ती रुतण्याऐवजी वर चढून जाते, हे त्याने स्वतः करून पाहिले. टायरमधली हवा कमी केली की चाक पसरते, वजन वाटले जाते आणि वाळूचा पापुद्रा फुटत नाही, हेही याच प्रवासांत पक्के झाले.

६/ तरीही गाडी रुतायचीच. त्यावरचा उपाय कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे सापडला. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छत घालण्यासाठी बनवलेल्या पोलादी पन्हळी तिथे पडून होत्या. चाकापुढची वाळू हाताने उकरायची, पन्हळ चाकाखाली सरकवायची आणि गाडी तिच्यावरून बाहेर काढायची. आजच्या ऑफ-रोड गाड्यांच्या टपावर दिसणाऱ्या रंगीत प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे हे पूर्वज होत.

७/ दुसरी अडचण पाण्याची. उन्हात इंजिन तापले की रेडिएटरमधले पाणी वाफ होऊन उडून जाई, आणि ते भरून काढायचे तर पिण्याच्या पाण्याला हात घालावा लागे. म्हणून रेडिएटरच्या तोंडाला नळी जोडून ती गाडीच्या बाजूला बसवलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली. वाफ डब्यात थंड होई. डबा उकळू लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची. इंजिन निवताच रेडिएटर ते पाणी परत ओढून घेई.

८/ तिसरी अडचण दिशेची. गाडीतल्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्राचा भरवसा नसे. दर वेळी थांबून, गाडीपासून दूर चालत जाऊन दिशा पाहावी लागे. बॅग्नॉल्डने त्याऐवजी सूर्य-होकायंत्र घडवले. अंश कोरलेली आडवी तबकडी आणि मधोमध उभी सुई. सूर्याच्या गतीनुसार तबकडी जुळवत राहायची आणि सुईची सावली ठरलेल्या अंशावर ठेवून गाडी हाकायची. धावत्या गाडीतही दिशा सुटत नसे.

९/ १९३५ मध्ये बॅग्नॉल्ड निवृत्त झाला. ‘लिबियन सँड्स’ हे त्याचे प्रवासवर्णन त्याच वर्षीचे. वाळू वाऱ्याने कशी वाहते, यावर तो शास्त्रीय संशोधन करू लागला. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच त्याला परत बोलावले गेले आणि पूर्व आफ्रिकेकडे धाडले गेले. वाटेत भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने तो पोर्ट सईदला उतरला. एका अपघाताने योग्य माणूस योग्य जागी पोहोचला.

१०/ १० जून १९४० रोजी इटलीने युद्ध पुकारले. लिबिया इटलीच्या ताब्यात होता आणि दक्षिणेकडील कुफ्रा येथे इटालियन ठाणे होते. तिथून वाळवंट ओलांडून कोणी नाईलवर चालून आले तर? ब्रिटिशांना त्या बाजूची खबर देणारे कोणीच नव्हते. बॅग्नॉल्डने सरसेनापती वेव्हेल यांच्यापुढे लांब पल्ल्याच्या गस्ती पथकाची कल्पना मांडली. वेव्हेल यांनी होकार दिला. तयारीला मुदत सहा आठवड्यांची.

११/ आता ट्रक. पथकाला तीन आठवडे रसद न मिळता राहायचे होते. पेट्रोल, पाणी, अन्न, दारूगोळा, बिनतारी यंत्र, अंथरूण-पांघरूण, सुटे भाग, सारे पाठीवर घेऊनच निघायचे. वाटेत पंप नाही, गावही नाही. इथे गाडीची ताकद किती, याआधी दुसरा प्रश्न येतो. ही गाडी स्वतः किती पिते?

१२/ एक कल्पित हिशेब मांडू. प्रवास २,००० किलोमीटरचा. पहिली गाडी लिटरला ४ किलोमीटर धावते, दुसरी २. पहिलीला ५०० लिटर पेट्रोल लागेल, दुसरीला १,०००. जास्तीच्या ५०० लिटरचे वजन सुमारे ३७० किलो. तीन माणसांना रोज १२ लिटर पाणी धरले, तर त्याच वजनात महिन्याभराचे पाणी बसते. तहानलेली गाडी माणसांच्या वाटणीचे पाणी अशी पिऊन टाकते.

१३/ म्हणूनच बॅग्नॉल्डने आज धाडसी वाटेल असा निर्णय घेतला आणि फक्त मागच्या चाकांना ताकद देणारे ट्रक निवडले. पुढच्या चाकांना ताकद द्यायची तर जादा गिअरपेटी, जादा दांडे, जादा वजन आणि जादा पेट्रोल आले. मऊ वाळूत त्याचा फायदा होतो, हे त्याला ठाऊक होतेच. पण तो फायदा टायरमधली हवा, पन्हळी आणि चालकाचे कसब यांतून बऱ्याच अंशी मिळवता येतो, हे त्याने दहा वर्षे अनुभवले होते.

१४/ निवड झाली शेव्हरोले डब्ल्यूबी या व्यापारी ट्रकची. क्षमता ‘३० हंड्रेडवेट’, म्हणजे सुमारे १,५०० किलो. लष्करी कोठारात ही गाडी नव्हती. काही ट्रक इजिप्तमधील शेव्हरोलेच्या विक्रेत्यांकडून घेतले, बाकीचे इजिप्तच्या सैन्याकडून मागून आणले. युद्धातल्या एका गाजलेल्या पथकाची सुरुवात अशी उसनवारीतून झाली.

१५/ मग कापाकाप सुरू झाली. दारे, काच, टप काढून टाकले. वाचलेल्या प्रत्येक किलोच्या जागी पेट्रोल किंवा पाणी जाणार होते. मागच्या कमानींत जादा पाटे घातले, रुंद टायर चढवले, वाफेचे डबे बसवले, पन्हळी बाजूला बांधल्या, सूर्य-होकायंत्र चालकाच्या नजरेसमोर आणले, बंदुकांसाठी खांब ठोकले. एवढे करूनही हौद्यात ठरलेल्या क्षमतेपेक्षा अधिक भार चढत असे.

१६/ सुरुवातीच्या एका गस्तीत दोन अधिकारी आणि २८ सैनिक, दहा शेव्हरोले आणि पुढे टेहळणीला एक हलकी फोर्ड. पहिले स्वयंसेवक न्यूझीलंडचे होते. त्यांतले बरेच शेतकरी, म्हणजे बिघडलेले यंत्र स्वतःच्या हाताने सुरू करण्याची सवय असलेले. त्यांनी ट्रकांना माओरी नावे दिली. ‘डब्ल्यू’ गस्तीच्या ट्रकांची नावे त्याच अक्षराने सुरू होत, ‘टी’ गस्तीची ‘ते’ने.

१७/ मुक्कामाची रीतही ट्रकभोवतीच बेतलेली. डब्यात वाळू भरून तिच्यावर पेट्रोल ओतले की चूल तयार. ट्रकच्या बाजूला ताडपत्री ताणून वारा अडवायचा आणि चाकाशेजारी वाळूत झोपायचे. सगळे निजले तरी दोघे जागे असत. बिनतारी यंत्रावर बसलेला सैनिक, आणि ताऱ्यांचे वेध घेऊन आपण नकाशावर नेमके कुठे आहोत हे काढणारा दिशादर्शक.

१८/ सप्टेंबर १९४० मध्ये पहिल्या मोठ्या गस्ती निघाल्या. कुफ्राच्या वाटेवर त्यांनी दोन इटालियन ट्रक पकडले आणि त्यांतली सरकारी टपाल हाती लागली. जिथे शत्रू येणे शक्यच नाही, असे मानले जात होते, तिथून शत्रू उगवला होता. दूरदूरच्या ठाण्यांचे संरक्षण वाढवणे इटालियनांना भाग पडले.

१९/ ट्रक गमावणे म्हणजे काय, हे ३१ जानेवारी १९४१ रोजी जेबेल शरीफ येथे दिसले. इटालियन पथकाशी झालेल्या चकमकीत ‘टी’ गस्तीचे तीन ट्रक जळाले आणि तिचा प्रमुख पॅट क्लेटन पकडला गेला. खडकांत लपलेले चौघे मागे राहिले. त्यांतल्या रॉन मूरच्या पायाला जखम झाली होती. दोन गॅलनांहून कमी पाणी आणि अन्न जवळजवळ नाहीच. शरण जाण्याऐवजी ते दक्षिणेकडे चालू लागले.

२०/ दहाव्या दिवशी फ्रेंचांना मूर सापडला, तेव्हाही तो चालतच होता. सुमारे २१० मैल, म्हणजे जवळपास ३४० किलोमीटर अंतर कापले गेले होते. चौघांपैकी जॉन ईस्टन वाचू शकला नाही. तेवढेच अंतर शेव्हरोलेने दीड-दोन दिवसांत तोडले असते. बॅग्नॉल्डच्या हिशेबातल्या किलो आणि लिटरांचा अर्थ या एका चालीत आहे.

२१/ १९४१ मध्ये पथकाला नवे ट्रक मिळाले : कॅनडात बनलेले फोर्ड एफ-३०. व्ही-आठ इंजिन, चारही चाकांना ताकद. कागदावर हे ट्रक सर्व बाबतींत वरचढ होते. पण ते जड होते आणि जुन्या शेव्हरोलेच्या जवळपास दुप्पट पेट्रोल पीत. गस्तीचा पल्ला तेवढा आखडला. वर कल्पिलेला हिशेब वाळवंटात असा खरा ठरला.

२२/ त्यामुळे १९४२ मध्ये पथक परत दोन चाकांच्या ताकदीकडे वळले. कॅनडातून शेव्हरोले १५३३ एक्स-२ या जातीचे २०० ट्रक खास मागवण्यात आले. त्याच वर्षी जुलैपासून विलिस जीपही आल्या. त्यांना चार चाकांची ताकद होती, पण त्या हलक्या होत्या आणि त्यांचे काम पुढे जाऊन वाट शोधण्याचे होते. भार वाहायला एक वाहन, वाट काढायला दुसरे.

२३/ शत्रूचेही मत फारसे वेगळे नव्हते. वाळवंटाचा जाणकार हंगेरियन लास्लो अल्माशी याने मे १९४२ मध्ये जर्मनांसाठी दोन हेर लिबियातून थेट नाईलकाठच्या असिऊतजवळ नेऊन सोडले. या प्रवासासाठी त्याने वापरल्या ब्रिटिशांकडून हस्तगत केलेल्या फोर्ड गाड्या.

२४/ या पथकाशी भारताचाही संबंध आला. घोडदळाच्या परंपरेतील सेकंड लान्सर्स, ११ वी आणि १८ वी कॅव्हलरी या पलटणींच्या स्वयंसेवकांतून ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ उभारली गेली आणि १९४२ मध्ये ती याच पथकाला जोडली गेली. १९४३ च्या आरंभी न्यूझीलंडच्या निक वाइल्डरच्या गस्तीने ट्युनिशियात डोंगरांतली एक खिंड शोधली. मारेथच्या तटबंदीला वळसा घालणारे सैन्य मार्चमध्ये तिथूनच गेले.

२५/ यावरून फोर-व्हील ड्राइव्ह निरुपयोगी ठरत नाही. चिखल, खडक आणि ओढे असलेल्या मुलखात उत्तर निराळे येईल. बॅग्नॉल्डकडून घ्यायची ती प्रश्नांची क्रमवारी. आधी मुलूख, मग अंतर, मग माणसांचे पाणी, त्यावरून भार, आणि सर्वांत शेवटी गाडी. जाहिरातींत हा क्रम नेमका उलटा असतो.

२६/ ‘डब्ल्यू’ गस्तीचा ‘वाइकाहा’ नावाचा शेव्हरोले डब्ल्यूबी १९८० मध्ये लिबियाच्या वाळवंटात सापडला. आज तो इम्पिरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. त्याला नवा रंग दिलेला नाही. गंजलेला, उन्हाने सोललेला, बिनदाराचा, बिनकाचेचा. काय काय काढून टाकले म्हणजे माणसे परत येतात, हे त्याच्याकडे पाहून कळते. (समाप्त)