पलत्याचे पाणी

बदलीच्या निमित्ताने कलकत्त्यास येणाऱ्या मराठी कुटुंबास येथील जुनी मंडळी जे पहिले उपदेश करतात, त्यांत 'प्यायला पाणी मात्र विकतचेच घ्या' हा एक हमखास असतो. उपदेश हितबुद्धीचा असतो यात शंका नाही. तथापि ज्या नळाकडे आपण असे पाठ फिरवतो, तो या शहराने किती सायासाने मिळवला याचा इतिहास पाहिल्यास हा उपदेश पुन्हा एकदा तपासून घ्यावासा वाटतो.

नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या धास्तीने १७४२ साली कलकत्त्याभोवती खंदक खणण्यास आरंभ झाला, हे आपणांस ठाऊक असतेच. परंतु या शहराचा खरा शत्रू खंदकाच्या आतच होता. लोक नदीचे आणि तळ्यांचे पाणी पीत. साहेब लोकांसाठी लालदिघीचे पाणी भिस्ती पखालींतून वाहून नेत. ज्या तळ्यात कपडे धुवावे त्याच तळ्यातून घागर भरावी, असा सार्वत्रिक रिवाज होता आणि पटकी दरसाल आपला वाटा उचलीत असे.

या स्थितीवर उपाय म्हणून नगरपालिकेचे अभियंते विल्यम क्लार्क यांनी बराकपूरच्या पुढे पलता येथे हुगळीचे पाणी उचलण्याची योजना आखली. शहराची घाण जेथवर पोचत नाही, अशी ती जागा होती. पाणी हौदांत निवळू द्यावे, वाळूच्या थरांतून गाळावे आणि बिडाच्या मोठ्या नळाने शहरात आणावे, अशी तिची साधी रीत. १८७० साली दररोज साठ लाख गॅलन पाणी येऊ लागले.

पाणी आले, पण ते प्यावे की नाही हा प्रश्न उरलाच. एकाच नळातून ब्राह्मणाने आणि अंत्यजाने पाणी घ्यावयाचे, म्हणजे विटाळाचे काय? पाण्यासाठी कर भरावा लागतो, तेव्हा तो भरणे हेच प्रायश्चित्त होय, अशी तोड पंडितांनी काढल्याची नोंद आढळते. आपणांस हसू येईल. परंतु सार्वजनिक पाण्यासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर केवढा संघर्ष करावा लागला, हे आठवले म्हणजे या तडजोडीचे मोल कळते. तळ्याने माणसे वेगळी ठेवली होती. नळाने ती निदान पाण्यापुरती एकत्र आणली.

१८८४ च्या आरंभी रॉबर्ट कॉख यांना याच शहरातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. नळाचे पाणी आल्यापासून कलकत्त्यात पटकी पुष्कळ ओसरली, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. पुढे १९११ साली टाला येथे नव्वद लाख गॅलनांची उंच लोखंडी टाकी उभी राहिली. तिचे चार कप्पे केलेले आहेत. एक धुवावयास काढला तरी शहराचे पाणी बंद पडत नाही.

मग दोष कोठे राहिला? तो राहिला दुहेरी व्यवस्थेत. रस्ते धुण्यासाठी व शौचकूपांसाठी न गाळलेले नदीचे पाणी वेगळ्या नळांनी पुरवले जाई. गाळलेले पाणी अपुरे पडे, तेव्हा गरीब वस्त्या तेच पीत. शिवाय ते गंगेचेच पाणी असल्याने मनाला शंकाही शिवत नसे. एका शहरात दोन प्रकारचे पाणी ठेवले की वाईट पाणी दुबळ्याच्या वाट्यास येते, हा या इतिहासाचा मुख्य धडा होय. १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी येथील पाण्याची पाहणी केली. १९६१ साली महानगर नियोजन संस्था स्थापन झाली. १९७५ साली फराक्क्याचे धरण सुरू झाल्यावर हुगळीत गोडे पाणी वाढले आणि खारेपणाची तक्रार कमी झाली.

दरम्यान आपल्या मुंबईत १९६५ साली बिस्लेरी नावाचे बाटलीबंद पाणी विक्रीस आले. १९६९ साली पार्ले कंपनीने तो धंदा घेतला. प्रवासातली ती सोय आज घरातली सवय झाली आहे. परंतु मोहोर म्हणजे शुद्धतेची हमी नव्हे. २००३ साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राला बाटलीबंद पाण्यांत कीटकनाशकांचे अंश आढळले होते. शिवाय जारमधले पाणी पुष्कळदा कूपनलिकेचेच असते. आणि पश्चिम बंगालच्या भूजलात आर्सेनिक आहे, हे येथील डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी १९८३ सालीच दाखवून दिले आहे.

नळाचे पाणी निर्दोष आहे असे मात्र मुळीच नाही. ते ठराविक वेळी येते. मधल्या काळात नळ रिकामे असता जुन्या सांध्यांतून घाण आत शिरते. गच्चीवरील टाक्या वर्षानुवर्षे धुतल्या जात नाहीत. म्हणून टाकी नियमित धुवावी आणि पाणी खळखळून उकळावे. ज्या वसाहतीस नदीऐवजी कूपनलिकेचे पाणी मिळते, तेथे ते तपासून घ्यावे. कारण उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही.

एवढे करणे आपणा सरकारी नोकरांस अवघड नाही. तक्रार कोणाकडे करावी, अर्ज कसा लिहावा आणि त्याचा पाठपुरावा कसा करावा, हे आपल्याइतके कोणास कळते? परंतु ज्याच्या घरी जार येतो, त्यास नळ गढूळ झाला तरी त्याचा पत्ता लागत नाही. आणि ज्याला जार परवडत नाही, त्याचा अर्ज लिहून देण्यास कोणी नसते. गाळलेल्या आणि न गाळलेल्या पाण्याची जुनी फाळणी अशा रीतीने नव्या रूपाने परत येते. आपण या शहरात तीन-चार वर्षांचे पाहुणे असू. पण तेवढा काळ येथल्या नळाचे पाणी पिऊन त्यावर नजर ठेवली, तरी आपल्या मागे राहणाऱ्यांचे काही भले होईल.