कोयनेच्या पोटात भूकंपाचा शोध

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास कोयनानगर हादरले. रिश्टर प्रमाणावर सुमारे ६.३ क्षमतेच्या या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे दगावली, हजारो बेघर झाले आणि धरणाच्या भिंतीलाही तडे गेले. दख्खनचे पठार हा प्राचीन, स्थिर भूभाग आहे, तेथे मोठा भूकंप होणे नाही, हा समजही त्या पहाटे कोसळला.

भूकंपशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते एका वेगळ्याच कारणाने. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे शिवाजीसागर जलाशयात १९६०च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले आणि त्यानंतर परिसरात धक्के जाणवू लागले. चीनमधील शिनफेंगच्यांग, आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता या जलाशयांजवळही १९६२ ते १९६६ या काळात सहापेक्षा अधिक क्षमतेचे भूकंप झाले होते. जलाशयाशी निगडित असलेला आजवरचा सर्वांत मोठा भूकंप मात्र कोयनेचाच मानला जातो.

मग हा भूकंप धरणाने घडवला काय? शास्त्रज्ञांचे उत्तर सावध आहे. खडकांमध्ये ताण आधीपासूनच साठलेला असतो. तो निर्माण करण्याइतकी शक्ती जलाशयात नसते. परंतु पाण्याचे वजन खडकांवर पडते, शिवाय भेगांतून पाझरणाऱ्या पाण्याचा दाब खोलवर वाढतो. त्यामुळे प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंना जखडून ठेवणारे घर्षण कमी होते आणि मोडण्याच्या बेतात आलेला खडक सरकतो. थोडक्यात, पाणी हे भूकंपाचे मूळ नव्हे, निमित्त ठरते. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर येथील धक्क्यांचे प्रमाण वाढते, हे निरीक्षणही त्याला दुजोरा देते. १९८५ मध्ये जवळच्या वारणा धरणात पाणी साठू लागले आणि पुढील दशकात भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला विस्तारले.

कोयना-वारणा परिसराचे वैशिष्ट्य असे, की येथील भूकंप सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा लहानशा टापूत आणि बहुतांशी दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर होतात. भूकंपाचा जवळून अभ्यास करण्यासाठी अशी जागा जगात क्वचितच सापडते. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने येथे दीर्घकाळ अभ्यास केला. पुढे केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराड येथे स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली आणि खोल वेधन हाती घेतले. २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विवर पूर्ण झाले.

या वेधनाने भूगर्भातील जुना इतिहासही उलगडला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींच्या प्रचंड उद्रेकांतून लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि सह्याद्रीचा काळा कातळ घडला. गोठणे येथे हा कातळ सव्वा किलोमीटरच्या आसपास जाडीचा आढळला. त्याखाली थेट अतिप्राचीन ग्रॅनाइटसदृश खडक लागला. कोयनेचे भूकंप उगम पावतात ते याच तळखडकात. विवरांतील तापमान, खडकांवरील ताण आणि पाण्याचा दाब यांच्या मोजमापातून भूकंपापूर्वी नेमके काय घडते, याचा माग काढण्याचा हा प्रयत्न आहे.

दिवस, वेळ आणि ठिकाण सांगून भूकंपाचे भाकीत करण्याची विश्वासार्ह पद्धत आजही जगात कोणाकडे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत हजारो माणसे झोपेतच दगड-मातीच्या भिंतींखाली गाडली गेली. जीव घेतो तो बहुधा भूकंप नव्हे, कच्चे बांधकाम. हा किल्लारीचा धडा आहे. कोयनेच्या विवरांतून उत्तरे मिळायची तेव्हा मिळतील. तोवर भूकंपरोधक घर हेच माणसाचे खरे संरक्षण आहे.