आकाशदीप्ती, शहरी
शहरातील दिव्यांचा निसटता उजेड हवेतील रेणू व धूलिकणांवर विखुरल्याने आकाशात दिसणारी प्रभा. दिवे क्षितिजाआड गेले तरी ती दिसते. आडव्या दिशेने सुटलेला उजेड सर्वांत दूर पोचतो. खगोलशास्त्रज्ञ मर्ल वॉकर यांनी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील शहरांवरून मांडलेल्या नियमानुसार अंतर दुप्पट झाल्यास ही प्रभा सु. साडेपाच पटींनी मंदावते. तरीही डेथ व्हॅलीतील डान्तेज व्ह्यू या कड्यावरून सु. १४० किमी. दूरच्या लास व्हेगसचा फिकट घुमट पूर्वेला दिसतो; चंद्र उगवता उगवता अडकावा तसा. ढग शहरावर असल्यास तो अधिक उजळतो, वाटेत असल्यास झाकला जातो. त्यामुळे दृश्यतेची एकच ठाम मर्यादा सांगणे व्यर्थ आहे.