शाहू छत्रपतींचें निधन आणि साष्टी प्रांत

मार्गशीर्ष वद्य ३, शके १६७१, शुक्लनाम संवत्सर, शुक्रवार ह्या दिवशीं शाहू छत्रपति सातारा येथें निवर्तले. त्यांचा राज्याभिषेक जानेवारी १७०८ मध्यें झाला होता. म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षें एकच नांव मराठी राज्याच्या माथ्यावर होतें. तितक्या अवधींत तीन पेशवे झाले, दिल्लीच्या तक्तावर कित्येक बादशहा बसले व उतरले, आणि स्वराज्याचे राऊत नर्मदेपलीकडे व कटकापर्यंत जाऊन आले. चाळिशीच्या आंतील कोणाही मनुष्यानें दुसरा सातारकर राजा पाहिला नव्हता. अशा राजाच्या मरणाचा परिणाम निरनिराळ्या लोकांवर निरनिराळा कसा झाला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आणि तो सातारच्या राजवाड्यांतून नव्हे, तर राज्याच्या पश्चिम टोकास असलेल्या साष्टी प्रांतांतून, म्हणजे आजच्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ह्या मुंबईच्या उपनगरांच्या भूमीवरून करावयाचा आहे.

प्रथम तारखेचा उलगडा केला पाहिजे. ग्रंथांतरीं १५ डिसेंबर १७४९ अशी तारीख छापली जाते. ही जुन्या पद्धतीची होय; नव्या पद्धतीनें तो दिवस २६ डिसेंबरचा येतो. मुंबईकर इंग्रजांनीं नवी पद्धत १७५२ सालीं स्वीकारली. गोव्याचे पोर्तुगीज ती सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून चालवीत होते. सबब साष्टीच्या एका बाजूस त्या दिवशीं १५ डिसेंबर, दुसऱ्या बाजूच्या फिरंगी दप्तरांत २६ डिसेंबर, आणि खुद्द साष्टींत मार्गशीर्ष वद्य तृतीया, सुहूर सन खमसैन मया व अलफ, असा प्रकार होता. राज्याभिषेक शक ७६ चालू होता. ह्या भागांतील कागद लावतांना अकरा दिवसांचा हा फरक ध्यानांत न ठेवल्यास बातमी घटनेच्या आधीं पोहोंचल्याचा चमत्कार घडून येतो.

आतां साताऱ्याची हकीकत. ती सर्वश्रुत असल्यामुळें आम्ही ती संक्षेपानेंच देतों. महाराजांचा आजार लांबला होता आणि वारसाचा प्रश्न उघडा होता. राणी सगुणाबाई १७४८ सालींच वारल्या होत्या. दुसऱ्या राणी सकवारबाई व पेशवे यांचें सूत्र जमत नव्हतें. प्रतिनिधि जगजीवनराव व त्यांचे मुतालिक यमाजी शिवदेव हे बाईंच्या पक्षाचे. महाराजांनीं स्वहस्तें दोन याद्या लिहून राज्याचा भार बाळाजी बाजीराव यांजवर सोंपविला आणि कोल्हापूरकरांस गादीवर आणूं नये असें बजाविलें. निधन होतांच पेशव्यांनीं प्रतिपक्षाचा बंदोबस्त केला. सकवारबाईंनीं संगम माहुलीस सहगमन केलें. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत ह्या सहगमनाचा दोष सरळ पेशव्यांच्या माथीं मारला आहे. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचा आधार घेतांना, ज्या गोविंदराव चिटणिसांच्या घराण्यांत ती लिहिली गेली ते अंतकाळीं महाराजांच्या निकट होते, हें विसरून चालत नाहीं; अशा बखरींत माहिती विपुल असते, पण घरचा अभिमानहि असतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कृष्णावेण्णांच्या संगमावर जमलेल्या लोकांस जें पतिभक्तीचें दर्शन घडलें, त्याच्याच योगानें राजवाड्यांतील पेशव्यांचा सर्वांत प्रबळ विरोध नाहींसा झाला. बाई आपखुषीनें गेल्या कीं लोटल्या गेल्या, ह्यावर मतभेद होईल. त्यांच्या जाण्यानें लाभ कोणाचा झाला, ह्यावर होणार नाहीं.

सरदारांची प्रतिक्रिया तिसऱ्याच प्रकारची होती. जानेवारी १७५० मध्यें रामराजा यांस गादीवर बसविण्यांत आलें. हा आपला नातू असें ताराबाई सांगत होत्या. नागपूरकर रघूजी भोसले यांनीं जातभाईंच्या पंक्तींत अन्नावर हात ठेवून ताराबाईंनीं तशी शपथ घ्यावी, असा आग्रह धरल्याचें ग्रँट डफ सांगतो. सप्टेंबर १७५० मध्यें सांगोल्यास करार होऊन राज्याची मुखत्यारी पेशव्यांकडे गेली. नोव्हेंबरांत ताराबाईंनीं रामराजास सातारच्या किल्ल्यावर अटकेंत ठेविलें. १७५१ सालीं दमाजी गायकवाड फौज घेऊन त्यांच्या कुमकेस आले आणि कैदेंत पडले. शेवटीं सप्टेंबर १७५२ त जेजुरीस खंडोबासमोर ताराबाईंनीं, हा आपला नातू नव्हे, अशी उलट शपथ वाहिली. एका राजाच्या मरणानंतर तीन वर्षांच्या आंत एकाच मुखांतून दोन विरुद्ध शपथा निघाल्या, आणि दोन्ही लोकांस ऐकाव्या लागल्या.

येणेंप्रमाणें गादीच्या जितकें जवळ जावें तितका शोक कमी आणि चढाओढ अधिक असें दिसतें. सामान्य रयतेची भावना याहून निराळी होती, हें पुढील काळांतील लोकस्मृतीवरून कळतें. ‘थोरले शाहू महाराज’, ‘पुण्यश्लोक’ हीं विशेषणें भाटांनीं बांधलेलीं असतीं तर टिकलीं नसतीं. माहुलीस महाराजांच्या समाधीप्रमाणेंच त्यांच्या आवडत्या कुत्र्याचीहि समाधि दाखवितात. ज्या राजाच्या श्वानाची आठवण लोक राखतात, त्याचा धाक फार नसावा, लोभ मात्र असावा.

ही झाली देशावरची गोष्ट. आतां घाट उतरून साष्टींत येऊं. येथें एक मोठें वैलक्षण्य नजरेस पडतें. देशावर जो राजा बेचाळीस वर्षांचा जुना होता, तो साष्टींत अवघा बारा वर्षांचा होता. ठाणें १७३७ सालीं मराठ्यांच्या हातीं आलें आणि त्याबरोबर साष्टीचें बेट आलें; वेसावें १७३९ त पडलें आणि त्याच सालच्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. तत्पूर्वीं दोनशें वर्षें हा मुलूख फिरंग्यांचा होता. मरोळच्या किंवा मालाडच्या एखाद्या साठ वर्षांच्या शेतकऱ्यानें आयुष्याचीं अठ्ठेचाळीस वर्षें पोर्तुगालच्या राजाच्या अमलाखालीं काढलीं होतीं. हा राजा म्हणजे जुआंव पांचवा. तो डिसेंबर १७०६ मध्यें गादीवर आला आणि ३१ जुलै १७५० रोजीं वारला. म्हणजे शाहू महाराजांचा तो राज्यारोहणापासून मृत्यूपर्यंतचा समकालीन. दोघांच्या निधनांत पुरते आठ महिन्यांचेंहि अंतर नाहीं. साष्टीचा चालू धनी आणि तिचा गेलेला धनी, दोघेहि दीर्घकाल राज्य करून एकाच वर्षाच्या आंत गेले. आमच्या माहितींतील दुसऱ्या कोणत्याहि मराठी प्रांताच्या वाट्यास असा योग आला नाहीं.

येथें संग्राहकांस एक इशारा द्यावासा वाटतो. पोर्तुगीज कागदांत ‘साष्टी’ हें नांव दोन मुलुखांस लागतें: एक ठाण्याजवळचें बेट व दुसरी गोव्यांतील साष्टी. गोव्यांतील साष्टी १७३९ नंतरहि फिरंग्यांकडेच राहिली. तेव्हां १७५० नंतरच्या कागदांत साष्टींतील राजनिष्ठेचे उल्लेख सांपडल्यास ते कोणत्या साष्टीचे हें आधीं ठरवावें. नाहींतर अंधेरीच्या माथीं मडगांवचा शोक मारला जाईल.

ठाण्याच्या साष्टींत दोन्ही मरणांनीं शेतसाऱ्याच्या कामांत खंड पडण्याचें कारण नव्हतें. जो फरक व्हावयाचा तो १७३७ ते १७३९ मध्येंच होऊन गेला होता. फिरंगी जमीनदारांकडे खंडानें असलेलीं गांवें मराठ्यांनीं खालसा केलीं. ते जमीनदार मुंबईस व गोव्यास निघून गेले. वसुली वसईच्या सरसुभ्यामार्फत होऊं लागली. शंकराजी केशव फडके यांचें नांव ह्या सुभ्याच्या कारभाराशीं निगडित आहे. भात, मीठ, ताडी आणि खाजणांचे बांध हीं साष्टीच्या उत्पन्नाचीं अंगें; पौषांत भात मळून झाल्यावर राजा कोण ह्यापेक्षां बांध फुटला कीं राहिला, हीच चिंता गांवास मोठी. धर्माच्या बाबतींतहि एकदम उलथापालथ झाली नाहीं. पाद्री बरेच गेले, मंडपेश्वरासारख्या ठिकाणचे मठ ओस पडले, पण किरिस्तांव रयत राहिली. १७६० च्या सुमारास साष्टींतून फिरलेला फ्रेंच प्रवासी आंकतील द्युपेरों यानें मराठ्यांच्या अमलांत ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणें पाळीत असल्याचें लिहून ठेविलें आहे. ज्या प्रजेनें धनी बदललेला पाहून आपला देव मात्र राखला, तिला राजाच्या मृत्यूची बातमी दूरची वाटल्यास नवल नाहीं. ही उदासीनता कृतघ्नतेची नव्हे. राजसत्तेनें दैनंदिन जीवनास जितका स्पर्श केला तितकीच ती आहे.

परंतु येथेंच थांबलें तर साष्टीस शाहू महाराजांच्या निधनानें कांहींच झालें नाहीं असा समज होईल, आणि तो आमच्या मतें सर्वस्वीं चुकीचा आहे. तो चुकीचा कसा हें कळण्यासाठीं माहीमच्या खाडीपलीकडे पाहिलें पाहिजे. साष्टी मुंबईकर इंग्रजांच्या डोळ्यांत पहिल्यापासून होती. वसई पडल्यावर १७३९ सालीं त्यांनीं एकाच वेळीं दोन वकील पाठविले: कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे वसईस, आणि कॅप्टन गॉर्डन शाहू महाराजांकडे. महाराज त्या वेळीं मिरजेच्या मोहिमेवर होते. गॉर्डनच्या वकिलींत दरबारांत बाजीरावांस विरोध करणारे कोण आहेत हें हुडकणें हाहि एक हेतु होता. म्हणजे इंग्रजांच्या समजुतीनें मराठी राज्यास दोन दरवाजे होते. पुण्याचा बंद झाला तर साताऱ्याचा ठोठावतां येत असे. ही समजूत संपूर्ण खरी नसेल, पण निराधारहि नव्हती. शाहू महाराज हयात होते तोंवर पेशव्यांच्या वरचा एक शब्द अस्तित्वांत होता; तो क्वचित् उच्चारला जाई, पण उच्चारला जाऊं शकतो हें सर्वांस ठाऊक होतें.

सांगोल्याच्या करारानंतर हा दुसरा दरवाजा उरला नाहीं. १७५६ सालीं तुळाजी आंगऱ्यांचा विजयदुर्ग पडल्यावर इंग्रजांचे वकील बायफेल्ड व स्पेन्सर तहासाठीं गेले ते पुण्यास. १७६७ सालीं मॉस्टिन साष्टी व वसई यांवर नजर ठेवून गेला तोहि पुण्यासच. आणि पुण्यांत जेव्हां घरांतच कलह माजला, तेव्हां त्याच्या वर उभें राहून निवाडा करणारें कोणी नव्हतें. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाणें घेतलें. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी कायमची त्यांच्याकडे राहिली. शाहू महाराज असते तर साष्टी गेली नसती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रघुनाथराव व बारभाई यांच्या तंट्यांत ज्या मध्यस्थाची उणीव भासली, तें स्थान शके १६७१ च्या मार्गशीर्षांत रिकामें झालें, आणि त्या रिकामेपणाची किंमत पंचवीस वर्षांनीं ह्याच बेटानें चुकती केली. साताऱ्यास मरण दिसलें. साष्टीस त्याचा परिणाम दिसला, पण तो इतक्या उशिरा कीं कारण विसरलें गेलें होतें.

ह्या मरणाची एक खूण मात्र प्रत्येक संग्राहकाच्या हातीं असते. ती म्हणजे पेशव्यांची मुद्रा. तींत छत्रपतींचें नांव आधीं, तें ‘हर्षनिधान’ ह्या पदासह, आणि प्रधानाचें मागून असतें. बाळाजी बाजीराव यांच्या आरंभींच्या मुद्रेंत राजा शाहू हें नांव आहे. नंतरच्या मुद्रेंत राजाराम हें आहे. तेव्हां तिथिमिति फाटून गेलेला कागद १७४९ च्या अलीकडचा कीं पलीकडचा, हें मुद्रा सांगूं शकते. पण सावधगिरी हवी. १७७७ मध्यें धाकटे शाहू गादीवर आल्यावर सवाई माधवरावांच्या मुद्रेंत शाहू हें नांव पुन्हां आलें. ज्यांनीं केवळ राजाचें नांव वाचून प्रधानाचें वाचलें नाहीं, त्यांनीं सवाई माधवरावांच्या काळचे कागद थोरल्या महाराजांच्या पदरीं बांधल्यास नवल नाहीं. सत्ता पुण्यास गेली तरी नांव साताऱ्याचेंच वर राहिलें. ह्या एका ओळींत त्या सबंध काळाचें राज्यशास्त्र सामावलें आहे.

शेवटीं एक विनंति. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ त निघाला, तो १७५० पासूनच सुरू होतो. वाडांनीं निवडलेल्या रोजनिश्या आणि पेशवे दप्तरांतील निवडीहि छापल्या गेल्या. परंतु ह्या सर्वांत दरबाराचा आवाज मोठा आहे. साष्टींतील पाटील, कुळकर्णी, पांचकळशी, आगरी व किरिस्तांव घराण्यांच्या पेट्यांतून निघणारे पावत्या, कौल, बांधबंदिस्तीचे हिशेब ह्यांस बाजारांत किंमत नाहीं, कारण त्यांवर मोठीं नांवें नाहींत. हीं गांवें १९२० सालीं उपनगर जिल्ह्यांत आलीं, १९५० व १९५७ मध्यें मुंबईच्या महानगरपालिकेंत सामील झालीं, आणि जुनीं घरें पाडून इमले उठतांना त्या पेट्या रद्दीवाल्याकडे जातात. ज्यांच्या संग्रहीं शके १६७१ व १६७२ ह्या दोन सालांतील साष्टीचा एखादा साधा हिशेबाचा बंद असेल, त्यांनीं तो जपावा आणि त्याची नक्कल अभ्यासकांस द्यावी. त्यांत शोकाचा शब्द नसला, तरी हरकत नाहीं. राजा गेल्याच्या महिन्यांत भाताचा वसूल नेहमींप्रमाणें जमा झाला, एवढीच नोंद असली, तरी तीहि त्या राजाच्या मृत्यूविषयींची साक्षच होय.