कोलसाहेबांचं मेल-मर्ज

डिसेंबर उजाडला की हापिसात एक वाद ठरलेला असतो. सिक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या निघतात, कुणीतरी घरी बसून रंगवलेलं कार्ड आणतं आणि मग दोन तट पडतात. एक म्हणतो, "हाताने केलेल्यात भावना असतात रे." दुसरा म्हणतो, "भावना कसल्या, वेळ आहे त्याच्याकडे." पूर्वी अशा वेळी चहा पीत गंमत बघायचो. मग एका वीकांताला या कार्डांच्या इतिहासाच्या मागे लागलो आणि त्यातून जे हाती लागलं ते मोठं मजेशीर निघालं. म्हणजे बघा, ख्रिसमस कार्ड ही वस्तू जन्मालाच आली ती एका माणसाला हाताने लिहायचा कंटाळा आला म्हणून!

या माणसाचं नाव हेन्री कोल. लंडनचा सरकारी नोकर, पण नुसता खर्डेघाशा नव्हे. पुढे १८५१ च्या ग्रेट एक्झिबिशनमागचा एक प्रमुख माणूस हाच, आणि आज ज्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात त्याचा पहिला संचालकही हाच. पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं काम त्याआधीचं. १८४० साली रोलंड हिलने इंग्लंडात पेनी पोस्ट आणलं. अंतर कितीही असो, हलक्या पत्राला एक पेनी, आणि पैसे पाठवणाऱ्याने आधीच भरायचे. ही योजना गळी उतरवण्याच्या मोहिमेत आणि नंतर ती राबवण्यात कोल हिलच्या बरोबर होता. आता पत्र स्वस्त झालं म्हटल्यावर लोक पत्रं लिहिणारच. आणि सभ्य गृहस्थाने आलेल्या पत्राला उत्तर द्यायलाच हवं. १८४३ च्या नाताळात कोलसाहेबांच्या टेबलावर पत्रांचा ढीग. स्वतःच उभारलेल्या सिस्टिमचा लोड स्वतःच्याच डोक्यावर कोसळणे, हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचा असेल. :)

साहेबाने काय करावं? त्याने जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं. मधे टेबलाभोवती बसलेलं तीन पिढ्यांचं कुटुंब, हातात ग्लास. दोन बाजूंना गरिबांना अन्न आणि कपडे वाटतानाची चित्रं. खाली शुभेच्छा. वर 'टू' आणि पुढे रिकामी जागा, खाली 'फ्रॉम' आणि पुढे रिकामी जागा. झालं! एक टेम्प्लेट, दोन व्हेरिएबल. मेल-मर्जचा शोध मायक्रोसॉफ्टने लावला असं कुणी म्हणालं तर त्याला हे कार्ड दाखवा.

लिथोग्राफीने साधारण हजार प्रती काढल्या. कोलने स्वतःला हव्या तेवढ्या ठेवल्या आणि बाकीच्या एक शिलिंगला एक अशा विकायला काढल्या. शिलिंग म्हणजे बारा पेन्स. म्हणजे एका कार्डाच्या किमतीत बारा पत्रं टपालात पडली असती. त्यात मधल्या चित्रात एका छोट्या पोरालाही वाइनचा घोट पाजताहेत, त्यावरून दारूबंदीवाल्यांनी बोंब ठोकली ती वेगळीच. (हॉर्सलीची अजून एक गंमत. पुढे म्हातारपणी त्याने चित्रकारांनी विवस्त्र मॉडेल वापरू नयेत म्हणून मोहीम काढली आणि लोकांनी त्याचं नाव 'क्लोद्स-हॉर्सली' पाडलं. क्लोद्स-हॉर्स म्हणजे कपडे वाळत घालायची घोडी. पुण्यातच राहत असावेत हे लोक.) धंदा म्हणून प्रकार फारसा चालला नाही. मात्र त्यातलं एक कार्ड २००१ साली इंग्लंडात लिलावात निघालं, तेव्हा वीस हजार पौंडांच्या वर गेलं.

आता मला जिथे थांबावंसं वाटलं ती जागा. छपाई एका रंगाची होती. मग कार्डं रंगीत कशी? तर हाताने रंगवलेली. मेसन नावाच्या व्यावसायिक रंगाऱ्याचं हे काम. म्हणजे हात वाचवायला काढलेल्या पहिल्याच कार्डावर हात फिरलाच, फक्त तो कोलचा नव्हता.

छापील चित्रं जलरंगाने भरणं हा त्या काळी रीतसर व्यवसाय होता. न्यूयॉर्कच्या करियर अँड आइव्ह्ज या प्रसिद्ध कंपनीत लांब टेबलाभोवती दहा-बारा तरुण मुली बसायच्या. मधे नमुन्याचं रंगवलेलं चित्र. प्रत्येकीकडे एकच रंग. एकीने आकाशाचा निळा मारून कागद पुढे सरकवायचा, दुसरीने झाडांचा हिरवा, तिसरीने लाल. शेवटी एकजण राहिलेलं, चुकलेलं नीट करणार. हेन्री फोर्डच्या आधी कितीतरी वर्षं ही असेंब्ली लाइन चालू होती. चित्राखाली नाव मात्र करियर आणि आइव्ह्ज यांचं. मुलींची नावं कुठेच नाहीत.

हे वाचताना मला माझी आत्या आठवली. लग्नसराईत ती अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रेसचं काम घरी आणायची. पाकिटं चिकटवायची, पत्रिकांना गोंडे ओवायचे, वर छोटा गणपती डकवायचा. मैद्याची खळ शिजवलेली, आम्ही पोरं भोवती, आणि हिशोब शेकड्यावर. लोक त्या पत्रिका हातात घेऊन "काय सुंदर छापलीय" म्हणायचे. छापलीय! गोंडा काय मशिनने ओवला होता? पण त्या पत्रिकांना 'हँडमेड' कुणी म्हटलं नाही. हात स्वस्त असतो तेव्हा तो दिसत नाही, आणि महाग झाला की त्याचं लेबल लागतं, असं माझं आपलं मत आहे. तुम्हाला पटायलाच पाहिजे असं नाही.

असो. तर कोलच्या कार्डानंतर बरीच वर्षं मामला थंडच होता. (दुसरं जुनं कार्ड विल्यम एग्ली याचं, १८४८ चं. त्यावरचा शेवटचा आकडा नीट वाचता येत नसल्यामुळे बरेच दिवस ते १८४२ चं मानलं जायचं आणि पहिलेपणाचा मान कोलकडून हिसकावला जायचा. एका अंकाचा बग!) खरी लाट आली ती १८७० नंतर. त्या वर्षी ब्रिटिश टपालखात्याने पोस्टकार्डं सुरू केली, अर्ध्या पेनीत. छापील मजकूर उघड्या पाकिटातून त्याच दरात जाऊ लागला. दहाच वर्षांनी, १८८० मध्ये, नाताळचं टपाल लवकर टाका असं लोकांना विनवायची वेळ खात्यावर आली. आणि चित्रं तरी काय काय! बर्फ आणि सँटा कमीच. फुलं, मांजरं, चक्क मेलेले पक्षी, आणि एका कार्डावर तर एक बेडूक दुसऱ्या बेडकाला भोसकून पैसे घेऊन पळतोय. नाताळच्या शुभेच्छा म्हणे.

दरम्यान त्या रंग भरणाऱ्या मुलींचं काम दगडाने घेतलं. क्रोमोलिथोग्राफी म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग तेलकट शाई फक्त चित्रालाच धरते. असे दहा-वीस दगड एकावर एक तंतोतंत जुळवून छापायचे. एक दगड केसभर सरकला की बाईच्या गालाची लाली कानावर. आपल्याकडे राजा रवि वर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथे हेच तंत्र होतं, जर्मन कारागिरांसकट. आजीच्या देव्हाऱ्यामागची लक्ष्मी आणि बॉस्टनचं ख्रिसमस कार्ड ही तशी सख्खी चुलत भावंडंच.

बॉस्टन म्हटलं ते लुई प्रँगमुळे. हा १८२४ साली ब्रेस्लाऊला जन्मला, बापाचा कापडछपाईचा धंदा. १८४८ च्या क्रांतीत भाग घेतला म्हणून देश सोडावा लागला आणि १८५० मध्ये अमेरिकेत पोचला. १८७३ मध्ये त्याने इंग्लंडच्या बाजारासाठी ख्रिसमस कार्डं काढली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत. दर्जाच्या बाबतीत माणूस कमालीचा हट्टी. १८८० मध्ये त्याने कार्डाच्या चित्रांची स्पर्धा लावली, पहिलं बक्षीस हजार डॉलर. ते पटकावलं रोझिना एमेट या तरुण चित्रकर्तीने. तिचं नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ती 'डिझाइन' करत होती. पण १८९० च्या दशकात जर्मनीहून स्वस्त कार्डांचा पूर आला आणि दर्जा खाली आणायचा नसल्यामुळे प्रँगने या धंद्यातून अंग काढून घेतलं. मग त्याने लक्ष घातलं कशात? शाळांच्या चित्रकलेत. पुस्तकं, नमुने आणि मुलांसाठी जलरंगांच्या पेट्या! 'प्रँग' नावाच्या रंगपेट्या अमेरिकेतल्या शाळांत आजही वापरतात. छापील कार्डांनी ज्याला धंद्यातून उठवलं, त्याच्या नावाच्या रंगांनी लोक आता घरी कार्डं रंगवतात. असले योगायोग कादंबरीत घातले तर संपादक खोडून टाकेल.

ती रंगपेटी मी पाहिली ऑनसाइटवर असताना, ओहायोत. टीम लीडने जेवायला बोलावलं होतं आणि त्याच्या आईचं नाताळच्या कार्डांचं काम जोरात चालू होतं. डायनिंग टेबलावर जेवायला जागाच नाही. आधी रबरी ठसा. आपण शाळेत भेंडीचे नि बटाट्याचे ठसे मारायचो त्याचंच हे शहाणं भावंड. (रबरी शिक्क्यांचा जन्मही भारी आहे. १८४० च्या दशकात गुडइयरने रबर गंधकासोबत शिजवून पक्कं करायची रीत पेटंट केली. मग कवळ्यांच्या हिरड्या कडक रबराच्या होऊ लागल्या आणि दातांच्या डॉक्टरांकडे रबर शिजवायचे छोटे बॉयलर आले. सुरुवातीचे शिक्केवाले हेच दातवाल्यांचे कुकर वापरायचे. पहिला शिक्का नेमका कुणाचा यावर मात्र बरेच दावेदार आहेत.)

काकूंनी (हो, मी काकूच म्हणालो, त्यांना आवडलं) चिकट शाईने घुबडाचा ठसा उमटवला, त्यावर बारीक पावडर भुरभुरली, जास्तीची झटकली आणि गरम हवेच्या गनने तापवलं. पावडर वितळली आणि रेघा उठून आल्या, चकचकीत. मला वाटलं, शोभेसाठी. पण मग त्यांनी ओल्या ब्रशने रंग सोडला आणि तो रेघेपाशी जाऊन थांबला. शेताच्या बांधाला पाणी थांबावं तसा! कागद जाड, खरबरीत, पाणी पिणारा. आणि पावडर नको असेल तर शाई तरी पाण्यात न विरघळणारी लागते, नाहीतर पाण्याचा हात लागताच घुबडाचा कोळसा.

रंग वाळल्यावर डाय. पातळ पोलादी आकार, एका बाजूला धार. कागदावर डाय, वरखाली प्लास्टिकच्या पाट्या, आणि ते सगळं सँडविच दोन रुळांमधून हँडल फिरवत काढायचं. थेट रसवंतीचा चरक, फक्त घुंगरं नव्हती. पलीकडून घुबड सुटं होऊन बाहेर. व्हिक्टोरियन बायका-मुलं हीच हौस वेगळ्या रीतीने भागवत. जर्मनीहून रंगीत, उठावाची, डायने कापलेली चित्रं यायची, त्यांना 'स्क्रॅप' म्हणत. एका तावात अनेक चित्रं कागदाच्या बारीक पट्ट्यांनी जोडलेली असत, पट्टी कापायची, चित्र चिकटवायचं, झालं घरचं कार्ड. घरबसल्या कार्ड करणं म्हणजे तेव्हाही कारखान्याच्या मालावर हात चालवणंच होतं.

आमच्या हापिसातल्या शुद्धतावाद्यांचा नेमका यालाच आक्षेप: ठसा विकतचा, डाय विकत, मग तुझं काय त्यात? मला हा आक्षेप फुसका वाटतो. आपण तरी कुठे कंपायलर घरी लिहितो? लायब्ररी दुसऱ्याची, फ्रेमवर्क तिसऱ्याचं, आणि 'मी लिहिलेला कोड' म्हणताना जीभ चाचरत नाही. मी काकूंना वेळ विचारला. एका कार्डाला अर्धा तास, वाळायचा वेळ सोडून. यादीत चाळीस नावं. दोन नावांवर काट मारलेली होती, त्याबद्दल मी काही विचारलं नाही. "आतला मजकूरही छापायचा ठसा मिळतो," त्या म्हणाल्या, "पण तो मी घेतला नाही. तेवढं मी लिहिते." म्हणजे कोलने जे वाचवलं नेमकं तेच त्यांनी परत अंगावर घेतलं होतं.

आता एक शेवटचं कार्ड, माझं सगळ्यात आवडतं. १९४९ चं. महायुद्धानंतर युनिसेफची मदत चेकोस्लोव्हाकियातल्या एका गावात पोचली. तिथल्या यित्का साम्कोव्हा नावाच्या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून एक चित्र रंगवलं. चित्रात पाच मुली फेर धरून नाचताहेत, मधे मे महिन्यातल्या सणाचा खांब, वर फुलांचा हार. थंडीचं, बर्फाचं, नाताळचं नावही नाही त्यात. युनिसेफने तेच छापलं आणि त्यांच्या शुभेच्छापत्रांची सुरुवात त्याच्यापासून झाली. मूळ चित्र मात्र कागदावर नव्हतंच. कागद मिळत नव्हता, म्हणून तिने ते काचेवर रंगवलं होतं.