शब्दवेध : अनुमान

रायपूरजवळच्या सिलतऱ्यात स्पंज आयर्नच्या कारखान्यांची धुराडी दुरूनच दिसतात. धूर आहे, म्हणजे आत भट्टी पेटलेली असणार. हेच अनुमान.

‘मा’ म्हणजे मोजणे, ‘अनु’ म्हणजे मागून : आधी धूर दिसतो, मागून अग्नी कळतो. न्यायशास्त्र यासाठी पाच पावले टाकते : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. ॲरिस्टॉटल तिनांत भागवतो. पण न्यायातले उदाहरण फार मोलाचे; ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती ते थेट स्वयंपाकघरात दाखवते.

उलट नियम मात्र टिकत नाही. नैयायिकांचा दाखला तापलेल्या लोखंडी गोळ्याचा : अग्नी आहे, धूर नाही. सिलतऱ्यात लालबुंद लोखंड पाहिलेल्या कामगाराला हे वेगळे सांगायला नको.

व्याप्ती न तपासता बांधलेल्या अडाख्याला कृपया ‘अनुमान’ म्हणू नये.