आजीचं रामायण

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं' होतं, मुलांसाठी 'किलबिल'. आजी मात्र जे लागेल ते बघायची. २५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं आणि तिचा रविवार ठरून गेला. गोष्ट तिला पाठच होती. पण त्या वेळेला शेजारपाजारचे सगळे तिच्याभोवती बसायचे.

लॉकडाऊनमध्ये, २८ मार्च २०२०ला, तेच 'रामायण' पुन्हा लागलं. आजी तेव्हा नव्वदीची. दोन रिमोटांचा घोळ तिला जमेना, म्हणून चॅनल मी लावून दिलं आणि मोबाइल घेऊन आत गेलो. थोड्या वेळाने तिने हाक मारली, "आवाज नीट येतोय रे. तू बस की जरा."